जुम्मा दरवाजापाशी उभं राहून

हुडकेश्वरहून महालात जायला रविवारी पहाटे निघालं तर अर्धा तासही लागत नाही. म्हाळगीनगर चौक, मग सक्करदरा, पुढे अयाचित मंदिर, आणि तिथून जुन्या नागपूरच्या गल्ल्या सुरू होतात. हा रस्ता मी शाळेपासून ओळखतो. तरी गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी गाडीला किक मारताना तो फार लांब वाटला. 17 मार्च 2025 नंतर मी महालात पाऊल ठेवलं नव्हतं.

जाण्याचं कारण माझी मुलगी. ती आठवीत आहे. तिला मोबाइलवर दूरदूरची गावं बघायचा नाद आहे. कुणीतरी कॅमेरा धरून जुन्या गल्ल्यांतून चालत असतं, पुढे एक गाइड बोलत असतो, आणि ही गादीवर बसून माल्टाला जाऊन येते. माल्टा म्हणजे भूमध्य समुद्रातलं एक लहानसं बेट. तिथल्या जुन्या तटबंदीच्या गावाचं नाव इम्दिना, म्हणजे अरबीतलं मदिना, शहर. 870 साली अरबांनी ते बेट घेतलं, 1091 मध्ये नॉर्मन आले. आज तिथले बहुतेक लोक कॅथलिक आहेत. पण त्यांची माल्टी भाषा मुळात अरबीतून आलेली. देवाला ते ‘आल्ला’ म्हणतात आणि ईस्टरच्या आधीच्या उपवासांच्या काळाला ‘रन्दान’. रन्दान म्हणजे आपलं रमजान. गाइड हे सगळं हसतहसत सांगत होता आणि ऐकणाऱ्यांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

व्हिडिओ संपल्यावर ती म्हणाली, “अब्बू, आपल्या नागपुरात असं जुनं गाव नाही का?”

आहे, म्हटलं. आणि तिला अजून दाखवलेलं नाही, याची लाज वाटली.

महालात अधूनमधून हेरिटेज वॉक होतात. अशाच एकीत आम्हा दोघांची नावं टाकली. अम्मी एवढंच म्हणाली, “इतक्या सकाळी, आणि महालातच कशाला?” तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मार्चमध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून आंदोलन झालं, दुपारी अफवा पसरल्या, संध्याकाळी चिटणीस पार्कापाशी दगड आले आणि रात्री हंसापुरीत गाड्या जळाल्या. एका जखमी माणसाचा पुढे इस्पितळात मृत्यू झाला. कोतवाली, गणेशपेठ, तहसीलपासून सक्करदऱ्यापर्यंत संचारबंदी होती. आमच्या हुडकेश्वरात ती नव्हती, पण फोन घराघरांत वाजत होते. दगड कुणी आधी मारला हा वाद मला इथं घालायचा नाही. ते काम पोलिसांचं आणि न्यायालयाचं. मला एवढंच माहीत आहे की त्यानंतर महालातली कामं मी सीताबर्डीत उरकू लागलो.

*

आम्ही जमलो ते गांधी गेटजवळ. वीसेक माणसं असतील. कॉलेजची पोरं, दोन निवृत्त शिक्षक, पुण्याहून माहेरी आलेली एक बाई, गळ्यात कॅमेरा अडकवलेले एक डॉक्टर. गाइड तरुण होता. त्यानं सगळ्यांना आपापलं नाव सांगायला लावलं. माझी पाळी येईपर्यंत मी मनात हिशेब करत होतो, नुसतं आडनाव सांगावं का, की नुसतं ‘हुडकेश्वरहून आलो’ म्हणावं. तेवढ्यात मुलीनं स्वतःचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, खणखणीत सांगून टाकलं. कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पाळी पुढच्या माणसाकडे गेली. जो हिशेब मी करत होतो, तो तिला अजून शिकवलेला नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

गाइडनं सुरुवात केली. आवाज चांगला, पाठांतर चांगलं. “इथं पूर्वी गोंड राजांचं राज्य होतं. मग 1743 मध्ये रघुजीराजे भोसल्यांनी नागपूर राजधानी केली, आणि इथून खरा इतिहास सुरू होतो.” गोंड राजांना एक वाक्य मिळालं. नाव एकाचंही नाही. नंतर तो मागच्या दरवाजाकडे वळला. याचं जुनं नाव जुम्मा दरवाजा, म्हणाला. पुण्याच्या बाईंनी विचारलं, जुम्मा म्हणजे काय? तो म्हणाला, “जुनं नाव आहे, पडलेलं.”

मुलीनं हात वर केला, वर्गात करतात तसा. “जुम्मा म्हणजे शुक्रवार. आणि पलीकडे शुक्रवारी तलाव आहे ना? मग त्याचं नाव जुम्मा तलाव होतं का?”

होतं. तसंच होतं. जुम्मा तलाव, तोच शुक्रवारी तलाव, तोच आताचा गांधीसागर. जुम्मा दरवाजा, तोच गांधी गेट. गाइड क्षणभर थांबला आणि मग मोकळेपणानं हसला. म्हणाला, “मी इथं कितीतरी वेळा उभा राहिलो, पण ही दोन नावं जोडली नाहीत.” मग माझ्याकडे पाहून, “सर, तुम्हाला आणखी माहिती असेल तर सांगा ना.”

त्या माणसाबद्दल मला तेव्हापासून आदर आहे. हातातला माइक दुसऱ्याला देणं सोपं नसतं. मी जे सांगितलं ते थोडं नीट करून इथं लिहितो.

*

नागपूर वसवलं बख्त बुलंद शाहनं, 1702 च्या सुमारास. तो देवगडचा गोंड राजा. देवगड आज मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात, डोंगरावर आहे. गादीवरून भाऊबंदकी पेटली तेव्हा तो मदत मागायला औरंगजेबाकडे गेला. 1686 मध्ये त्यानं इस्लाम स्वीकारला, आणि बख्त बुलंद हे नाव त्याला तिथं मिळालं. अर्थ, ज्याचं नशीब उंच आहे असा.

इथवर ऐकून लोक दोन बाजूंना पळतात. एक बाजू म्हणते, म्हणजे औरंगजेबाचाच माणूस. दुसरी बाजू, आमच्यातली काही मंडळी, छाती काढून म्हणते की नागपूर ‘आपण’ वसवलं. दोघांनीही पुढचं पान वाचलेलं नसतं.

पुढचं पान असं. औरंगजेब दख्खनच्या लढायांत अडकला आहे हे दिसताच बख्त बुलंदनं त्याच्याविरुद्ध बंड केलं आणि वर्धा नदीच्या दोन्ही बाजूंचा मोगली मुलूख लुटला. बादशहा इतका चिडला की त्यानं दिलेलं नावच फिरवलं. बख्त बुलंदचा निगून बख्त केला, म्हणजे हलक्या नशिबाचा. त्याला धडा शिकवायला फौजही पाठवली. पण नागपूरकरांनी बादशहाचं हे दुसरं फर्मान मनावर घेतलं नाही. आजही तो बख्त बुलंदच आहे.

त्याचं धर्मांतर हा राजकारणातला सौदा होता, हे मला मुसलमान म्हणूनही कबूल करायला काही अडचण वाटत नाही. राजे तेव्हा असे सौदे करत. पण सौदा संपल्यावरही त्याच्या वंशानं तो धर्म सोडला नाही आणि गोंडपणही सोडलं नाही. त्यामुळे तो ‘आमचा’ की ‘त्यांचा’, या प्रश्नात तिसरा एक हक्कदार आहे, जो या भांडणात कुणाला आठवतच नाही, आणि त्याचा हक्क सगळ्यात आधीचा आहे. तो म्हणजे गोंड माणूस. गाइडच्या एका वाक्यात बुडाला होता तो आधी हाच.

हा राजा डोंगरावरून खाली उतरला आणि नाग नदीच्या काठच्या बारा वाड्या जोडून त्यानं शहर केलं. राजापूर बारसा म्हणून त्या ओळखल्या जात. त्यांतली हिवरी, वाठोडा, सक्करदरा, लेंढरा, फुटाळा, भानखेडा, सीताबर्डी ही नावं आजही ऑटोवाल्याला सांगितली तर तो बरोबर नेऊन सोडतो. नुसतं शहर वसवून तो थांबला नाही. 1827 साली नागपूरचा इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यानं या मुलखाचा अहवाल लिहिला. बख्त बुलंदनं हिंदू-मुसलमान असा भेद न करता कर्तबगार माणसं कामाला घेतली, चहूकडून कष्टकरी लोक बोलावून वसवले, गावं वाढवली, शेती आणि उद्योग वाढवले, असं त्यात नोंदलं आहे. हे लिहिणाऱ्या इंग्रजाला गोंडांचं किंवा मुसलमानांचं कौतुक करण्याचं काही कारण नव्हतं.

त्याच्यामागून आलेल्या चांद सुलतानानं राजधानी नागपुरात आणली आणि गावाभोवती तट घातला. जुम्मा तलावाचं श्रेयही त्यालाच देतात. म्हणजे आपण ज्याला ‘जुनं नागपूर’ म्हणतो त्याची हद्द आखणारा माणूस हा.

इथं एका निवृत्त गुरुजींनी मध्येच विचारलं, “मग इतवारी, बुधवारी, मंगळवारी?” मी म्हटलं, तेच तर. या शहराच्या पेठा वारांवर आहेत, कारण ज्या वारी जिथं बाजार भरे तो भाग त्या वाराचा. इतवार हा मूळचा आदित्यवार, संस्कृतातून हिंदीत झिजून आलेला. जुम्मा अरबी. हे दोन्ही वार एकाच आठवड्यात, एकाच गावात, हाकेच्या अंतरावर नांदले. कुठल्या वाराचा धर्म कोणता, हे तेव्हा भाजी घ्यायला येणाऱ्या बाईला विचारावंसं वाटलं नसणार.

*

मग आम्ही चालायला लागलो. माइक परत गाइडकडे गेला, आणि मला ऐकायला जास्त बरं वाटलं.

चिटणीस पार्कापाशी सगळे थांबले. इथं मार्चमध्ये काय झालं ते प्रत्येकाला माहीत होतं, त्यामुळे कुणीच बोललं नाही. दुकानांची शटर अजून खाली होती. एक माणूस ओट्यावर पाणी मारत होता. मीच गाइडला म्हटलं, चिटणीस या शब्दाबद्दल सांग. त्याला ते ठाऊक होतं, आणि त्यानं छान सांगितलं. चिठ्ठी लिहिणारा तो चिटणीस. फडणीस, पोतनीस, पारसनीस, या सगळ्यांच्या शेवटी जो नीस किंवा नवीस आहे तो फारसी, लिहिणारा या अर्थाचा. मराठी राज्याच्या दप्तरातले ब्राह्मण आणि कायस्थ कारकून हे फारसी शेपूट अभिमानानं आडनावात लावत आले. डॉक्टर पुटपुटले, “आणि आपण इथं दगड मारले.” त्यांच्या ‘आपण’मध्ये कोण कोण होतं ते मी विचारलं नाही. मला तो शब्द तेवढाच पुरेसा वाटला.

पुढे गोंड राजाच्या किल्ल्याची गोष्ट निघाली. 1739 च्या सुमारास चांद सुलतान वारला आणि वली शाहनं गादी बळकावली. चांद सुलतानाची विधवा राणी रतनकुंवर हिनं आपल्या मुलांसाठी वऱ्हाडातून रघुजी भोसल्यांना बोलावलं. रघुजींनी वली शाहला हटवून अकबर शाह आणि बुऱ्हाण शाह या भावांना गादीवर बसवलं. मग भावाभावांत जुंपली आणि रघुजी पुन्हा आले. या वेळी ते परत गेले नाहीत.

पण बुऱ्हाण शाहला त्यांनी मारलं नाही, हाकलूनही दिलं नाही. राजा ही पदवी आणि महसुलातला वाटा देऊन त्याला नागपुरातच ठेवलं. सत्ता भोसल्यांची, आणि शेजारी नावाचा का होईना एक गोंड राजा. यात रघुजींचा मोठेपणा किती आणि हिशेब किती, हे मी ठरवणार नाही. दोन्ही असावेत. मुलूख गोंडांचा होता, त्यांना दुखवून राज्य चाललं नसतं. पण ज्या काळात भाऊ भावाचे डोळे काढत होता, त्या काळात हेही थोडं नव्हे.

भोसल्यांच्या वाड्यापाशी गाइड रंगात आला. काळ्या दगडाचा, लाकडी कोरीवकामाचा जुना राजवाडा 1864 साली जळाला. पुढे गॅझेटिअर लिहिणाऱ्यांना त्याचा मोठा दरवाजाच काय तो उरलेला दिसला. इथून निघालेली घोडदळं पार बंगालपर्यंत गेली, आणि 1751 च्या तहानं ओडिशा नागपूरच्या हाती आला. गाइडनं हे अभिमानानं सांगितलं, आणि अभिमान वाटावा असंच ते आहे. मी फक्त दोन गोष्टी जोडल्या. एक, त्या मोहिमांत भोसल्यांचा मोठा आधार होता मीर हबीब, इराणातून आलेला मुसलमान सरदार. त्यानं बंगालच्या मुसलमान नवाबाविरुद्ध मराठ्यांना साथ दिली, आणि तहानंतर ओडिशाचा कारभार त्याच्याकडेच आला. पुढच्याच वर्षी तो मारला गेला, तोही मराठ्यांच्याच छावणीत. दुसरी, बंगालच्या खेड्यांत या स्वारांचं नाव आजही मुलांना झोपवताना भीती घालायला घेतात. लुटला गेलेला शेतकरी हिंदू होता की मुसलमान, हे बर्गीही विचारत नव्हते. इतिहास सांगायचा तर आपल्या बाजूचं हेही सांगावं लागतं. मी हे म्हणालो तेव्हा मला थोडी धास्ती होती. दुसरे गुरुजी म्हणाले, “बरोबर आहे, मी शिकवत होतो हे.”

*

फिरून आम्ही पुन्हा जुम्मा दरवाजापाशी आलो. ऊन वर आलं होतं. जाता जाता मी एकच गोष्ट सांगायची परवानगी मागितली.

1817 चा डिसेंबर. नोव्हेंबरच्या 26 आणि 27 ला सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांकडून हरली होती. 16 डिसेंबरला आप्पासाहेब इंग्रजांच्या हाती आले. राजा गेला, म्हणजे लढाई संपायला हवी होती. पण शहरात भोसल्यांच्या नोकरीतले अरब शिपाई होते, आणि ते गाव सोडायला तयार नव्हते. इंग्रजांनी वेढा घातला, तोफा लावल्या आणि 24 डिसेंबरला नेमक्या या जुम्मा दरवाजावर हल्ला चढवला. तो अरबांनी परतवला. शेवटी 30 डिसेंबरला, बायकामुलं आणि सामानसुमान घेऊन सुखरूप बाहेर जाऊ देण्याच्या अटीवर, त्यांनी शहर सोडलं.

ते देशभक्त होते असं मी म्हणणार नाही. ते पगारी शिपाई होते, आणि चांगला सौदा पदरात पाडल्याशिवाय शस्त्र ठेवायचं नाही एवढं त्यांना कळत होतं. पण मराठा राजाची राजधानी, गोंड राजाचा तट, शुक्रवारचं नाव असलेला दरवाजा, आणि त्यामागे समुद्रापलीकडून आलेले अरब, एवढं सगळं त्या आठवड्यात या एका जागी उभं होतं. यातलं एकही नाव वगळलं तर 24 डिसेंबरची लढाई सांगताच येत नाही. कोण कुणाशी लढलं तेच कळत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. दरवाजाला गांधीजींचं नाव आहे याबद्दल माझी तक्रार नाही. त्या नावाची या जागेला आज गरजच आहे. पण जुनं नाव तोंडातून गेलं की त्याबरोबर गोंड जातो, मुसलमान जातो, आणि शेवटी भोसल्यांचाही इतिहास लंगडा होतो. 2002 साली शहराची तीनशे वर्षं साजरी झाली. तीनशे हा आकडा बख्त बुलंदपासूनच मोजला होता. वर्षं त्याच्यापासून मोजायची आणि ‘खरा इतिहास’ 1743 पासून सांगायचा, हा हिशेब जुळत नाही.

नंतर सगळे तर्री पोहे खायला गेलो. तर्री एवढी झणझणीत की पुण्याच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती माहेरची तर्री असल्यामुळे त्या मागून घेत होत्या. गाइडनं माझा नंबर घेतला. पुढच्या वेळी सुरुवात बख्त बुलंदपासून करणार म्हणाला. करेल की नाही माहीत नाही, पण जुम्मा म्हणजे काय हे आता कुणी विचारलं तर तो ‘पडलेलं नाव’ म्हणणार नाही.

परतताना सक्करदऱ्यात मुलीला दाखवलं, ताजुद्दीनबाबांना 1908 मध्ये वेड्यांच्या इस्पितळातून सोडवून रघुजीराव भोसल्यांनी आणलं ते इथं, आपल्या वाड्यावर. पलीकडे उमरेड रस्त्यावर ताजबाग. हे तिला आधीच ठाऊक होतं. दादीनं सांगितलेलं. तिचा प्रश्न वेगळाच होता.

“अब्बू, त्या बारा वाड्यांत हुडकेश्वर होतं?”

नव्हतं, म्हटलं. आपण परवापरवापर्यंत ग्रामपंचायतीत होतो. शेतांचे लेआउट पडले, प्लॉट विकले गेले, कुणी उमरेडहून आलं, कुणी भंडाऱ्याहून, कुणी आपल्यासारखं शहरातल्या भाड्याच्या खोलीतून, आणि मग महानगरपालिकेनं आपल्याला आत घेतलं. बख्त बुलंदचं काम अजून चालूच आहे म्हण ना.

घरी पोचलो तेव्हा अम्मी दारातच उभी होती. तिनं काही विचारलं नाही. मुलगी चपला काढता काढता म्हणाली, “दादी, पुढच्या रविवारी तू पण चल. तुला जुम्मा दरवाजा दाखवते.”

अम्मी म्हणाली, “मला काय दाखवतेस? माझ्या लहानपणी आम्ही त्याला त्याच नावानं ओळखायचो.”